आण आणि ने

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
९ मे २००५

कमलाकरमामा,

नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण माझ्या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यामध्ये तेवढी जागा नाही. सुबोधदादाच्या पत्त्यावर ईमेल केलं तर तू वाचत नाहीस आणि फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून हे टपाल. दिवसभर प्रयोगशाळेत पेशी मोजणाऱ्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

काल एक सिनेमा पाहिला आणि अजून मी त्यातून बाहेर आलेले नाही. इथल्या एका छोट्या फिल्म क्लबने चेकोस्लोव्हाकियातले जुने सिनेमे लावले होते. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले, त्यानंतर ज्यांच्यावर बंदी आली आणि जे वीस वर्षं सरकारी तिजोरीत पडून होते, असे सिनेमे. तू तरुणपणी प्रागला संकलन शिकत होतास हे आईकडून इतक्यांदा ऐकलंय की न जाणं पाप झालं असतं.

सिनेमाचं नाव ‘पाण्याखालचा टपालवाला’. धरणात एक गाव बुडालंय. टपालवाला रोज सकाळी सायकलवरून सरळ तळ्यात उतरतो आणि पाण्याखालच्या घरांना पत्रं वाटतो. खाली सगळं चालू आहे. बायका केस विंचरतायत, म्हातारे पत्ते खेळतायत, पानं वर तरंगायला लागली की पकडून पुन्हा टाकतायत. चौकातला सरकारी लाउडस्पीकरही खांबावर तसाच आहे. त्यातून हुकूम सुटतात, पण बाहेर पडतात नुसते बुडबुडे. शेवटी टपालवाल्याच्या पिशवीत एकच पत्र उरतं. तो गावातल्या शेवटच्या घरापाशी जातो, दारावर थाप मारायला हात उचलतो, आणि पडदा पांढरा. थाप पडत नाही. संपलं.

शेजारची मुलगी इथल्या सवयीचं ‘लाह’ जोडून म्हणाली, “एंडिंग सो डीप, लाह.” मलाही तसंच वाटलं. बाहेर पाऊस पडून गेला होता आणि सगळे रस्ते चकचकत होते. बुओना व्हिस्टाला उतरून घरी चालत आले तर मला प्रत्येक खिडकी पाण्याखालची वाटत होती.

गंमत पुढे आहे. सिनेमाची संकलक स्वतः हजर होती. ब्लांका नावाची बाई, सत्तरीला टेकलेली. तिची मुलगी जुरोंग ईस्टला राहते, तिच्याकडे आली आहे. ती एवढंच बोलली, की शेवटचं रीळ १९६९ मध्ये हरवलं, म्हणून सिनेमा असा थांबतो. समीक्षक मात्र म्हणतात की तोंड दाबलेल्या देशाला याहून नेमका शेवट सुचला नसता. नंतर मी जवळ जाऊन सांगितलं की मी पुण्याची, मराठी. तर तिने माझं मनगटच धरलं आणि हसत म्हणाली, “आनो, आनो.” म्हणजे चेकमध्ये ‘हो’. मग तिने माझा फोन नंबर लिहून घेतला. तुझी तिच्याशी ओळख असेल का रे?

मामीला सांग, मेतकूट संपलं.

तुझी कस्तुरी


पुणे
१९ मे २००५

कस्तुरी,

आशीर्वाद, पण अर्धा. उरलेला अर्धा अक्षर सुधारल्यावर.

ओळख वगैरे काही नाही. तिथे स्टुडिओत पुष्कळ संकलक होते आणि मी आपला एक शिकाऊ. कोणाकोणाला लक्षात ठेवणार? छत्तीस वर्षांत मी इतके सरकारी माहितीपट कापले आहेत, की धरण म्हटलं की मला फीत कापणारा मंत्रीच आठवतो.

तरी व्यावसायिक कुतूहल म्हणून काही गोष्टी विचारतो. प्रत स्वच्छ होती का? हात उचलतो तिथे टपालवाल्याच्या बाहीला चिखल होता का? त्या बाई ‘आनो’ म्हणाल्या की ‘आण’? शेवटचा स्वर पूर्ण उच्चारला की ओठांतच राहिला? तू नीट ऐकलंस का? आणि रीळ ‘हरवलं’ हाच शब्द त्यांनी वापरला का? ‘चोरीला गेलं’ असं तर नाही ना म्हणाल्या? त्यांच्या डाव्या अंगठ्यावर आडवी खूण आहे का तेही बघ. जुन्या संकलकांना असते, बाकी काही नाही.

मामी मेतकूट पाठवते आहे. इथे उन्हाळा मरणाचा आहे. कपाटं उघडली की आतून वाफ येते.

मामा


बुओना व्हिस्टा, सिंगापूर
३० मे २००५

मामा,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं होय? एका ओळीत म्हणतोस ओळख नाही आणि पुढच्या परिच्छेदात बाईच्या अंगठ्यापर्यंत पोचतोस.

खूण आहे. डाव्या अंगठ्यावर, आडवी. मी रविवारी जुरोंग ईस्टला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. ब्लांकाबाईंनी बटाट्याचं सूप केलं होतं आणि मी हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, पॉपिया नावाचे भाजीचे रोल नेले होते. बाराव्या मजल्यावरचं घर आहे. दुपारी पाऊस आला आणि समोरच्या इमारती एकेक करून पुसल्या गेल्या. ब्लांकाबाई खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, “बघ, आपलं गाव बुडालं.” मला तिथून निघावंसंच वाटेना.

बाहीला चिखल होता का, हे मी विचारलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, “हे तुला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, मामाने, तो सिनेमातला आहे. त्यांनी नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. सिनेमा जप्त करायला माणसं आली तेव्हा शेवटचं रीळ जागेवर नव्हतं. त्यांनी ब्लांकाबाईंना तीन दिवस विचारलं. ब्लांकाबाईंनी सांगितलं, शेवट वाईट झाला होता, म्हणून मी जाळला. त्याबद्दल त्यांना स्टुडिओतून काढलं. पुढे अठरा वर्षं त्या एका पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडत होत्या. हसून म्हणाल्या, “मी पाण्याजवळच राहिले.”

आता तू सांग. जाळलं असेल तर आज त्या ‘हरवलं’ का म्हणतात? आणि हरवलं असेल तर तेव्हा ‘जाळलं’ कोणाला वाचवायला म्हणाल्या? मी पेशी मोजते मामा, दोन आणि दोन मलाही करता येतात. काय असेल ते लिही. आईला सांगणार नाही.

त्या ३१ जुलैला प्रागला परत जाणार आहेत. डॉक्टरांनी बजावलंय की यापुढे इतका लांबचा विमानप्रवास नाही. म्हणजे पुन्हा इकडे येणं नाही.

कस्तुरी


पुणे
१५ जून २००५

कस्तुरी,

हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली. भिजत घोंगडं किती वर्षं ठेवायचं यालाही काही मर्यादा असावी.

रीळ माझ्याकडे आहे. इथे, प्रभात रोडला, माझ्या पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात खाली. डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ‘लिंबाचं लोणचं’.

मी ब्लांकाच्या हाताखाली शिकत होतो. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बोलायची कमी, कापायची नेमकं. पहिल्याच आठवड्यात आमचा एक खेळ सुरू झाला. चेकमध्ये हो म्हणजे ‘आनो’ आणि नाही म्हणजे ‘ने’. मी तिला म्हटलं, आमच्याकडे ‘आण’ म्हणजे घेऊन ये आणि ‘ने’ म्हणजे घेऊन जा. तुमचा होकार वस्तू आणतो आणि नकार वस्तू नेतो. तिला हे इतकं आवडलं की आमच्या संकलनाच्या खोलीत डबे मराठीतच हलायला लागले. आण, ने, दे, ठेव. बाहेरून कोणी आलं की त्याला वाटायचं, ही बाई या परक्या मुलाला सारखी हो-नाही, हो-नाही काय करते आहे.

सप्टेंबर एकोणसत्तर. शुक्रवारची दुपार. सोमवारी माणसं येऊन सिनेमा उचलणार हे कळलं होतं. शेवटचं रीळ आम्ही त्याच आठवड्यात नव्याने जोडलं होतं. त्या शेवटाची तेवढी एकच प्रत होती. माझी शिष्यवृत्ती संपली होती आणि शनिवारची व्हिएन्नाची गाडी होती. खोलीत आम्ही दोघंच. मी शेवटच्या डब्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “ने.” आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आता तूच सांग, हा कुठला ‘ने’? मराठी असेल, तर तिने ते माझ्या हवाली केलं. चेक असेल, तर ती नको म्हणाली आणि मी तिची तीन वर्षांची मेहनत उचलून चालता झालो. त्या क्षणी मला शंका नव्हती. शंका आली व्हिएन्नाला, सरहद्द ओलांडल्यावर. तोवर सरहद्दीवरच्या शिपायाला मी सांगून बसलो होतो की डब्यात आईने पाठवलेलं लोणचं आहे.

तू विचारशील, मग पत्र का लिहिलं नाहीस? तिकडे परदेशातली पत्रं फोडून वाचत असत. माझ्या एका ओळीने तिचा घात झाला असता. हे कारण एकोणनव्वदपर्यंत खरं होतं. पुढची सोळा वर्षं निव्वळ भित्रेपणाची आहेत. नव्वद साली सिनेमा तिजोरीतून सुटला हे मी पेपरात वाचलं, शेवटाशिवाय सुटला हेही वाचलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

सगळ्यात वाईट भाग अजून सांगायचाच आहे. ज्यांनी सिनेमा कोंडला, त्यांनी तो थंड, कोरड्या तळघरात ठेवला. बाकीची रिळं वीस वर्षं सुखात झोपली. मी जे वाचवलं ते मात्र पुण्याच्या उन्हाळ्यात आंबत गेलं. गेली दहा वर्षं डब्याला आंबट वास येतो. फिल्म कुजते तेव्हा असा वास येतो, मला माहीत आहे. मामी म्हणते, लोणचं लिहिलंत आणि लोणचंच झालं. लग्नानंतर आठव्या दिवशी तिने डबा काढून विचारलं होतं. मी सांगितलं, एका बाईंची ठेव आहे. तिने पुसून परत ठेवला. तेव्हापासून दर दिवाळीला पुसते.

मला सारखं एक स्वप्न पडतं. मीच टपालवाला आहे आणि डबा घेऊन पाण्याखालच्या त्या दारापाशी उभा आहे. हात उचलतो आणि जाग येते.

त्या थापेपुढे काय आहे, हे आता बहुधा ब्लांका आणि मी असे दोघेच जाणतो. दिग्दर्शक तर केव्हाच गेला. समीक्षकांना सांगू नकोस, बिचाऱ्यांची पुस्तकं छापून झाली आहेत. टपालवाला थाप मारतो. एक बाई दार उघडते आणि म्हणते, “आत या, बाहेर भिजाल.” तो आत जातो. एवढंच. पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा आम्ही हसून हसून रडलो होतो.

तिला विचार, कस्तुरी. मी आहे म्हणून सांग आणि विचार, कुठला ‘ने’? ती म्हणाली चेक, तर मी चोर, हे मला एकदा कळू दे.

मामा


बुओना व्हिस्टा, सिंगापूर
४ जुलै २००५

मामा,

तुझं पत्र मी इथल्या मेट्रोत, एमआरटीमध्ये, वाचायला घेतलं आणि उतरायचं स्टेशन केव्हा गेलं ते कळलं नाही. शेवटच्या स्टेशनवर सगळे उतरले, मी एकटी बसून होते. रडत होते, हे सांगायला लाज नाही.

आधी कामाचं. आमच्याकडे पेशी उणे ऐंशीला झोपवतात आणि त्या वर्षांनी उठतात. थंडीवर माझा विश्वास आहे. डबा आजच फ्रीजमध्ये ठेव, कोरड्या जागी, मामी काय म्हणायचं ते म्हणू दे. उघडू नकोस. आंबलेल्या फिल्मवरूनही पुष्कळदा चित्रं सोडवून घेता येतात, असं ब्लांकाबाई म्हणतात. प्रागला त्यांच्या ओळखीचे लोक हेच काम करतात.

आता दुसरं. काल मी त्यांना गिम मोहच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेले होते. लिंबाचं सरबत समोर आलं, आणि मी म्हटलं, “माझ्या मामाचं नाव कमलाकर.” त्या म्हणाल्या, “माहीत आहे. तू बाहीवरच्या चिखलाचं विचारलंस तेव्हाच कळलं. तो चिखल त्याने स्वतः लावला होता.” त्या दिवशी सभागृहात त्या ‘आनो’ म्हणाल्याच नव्हत्या, मामा. ‘आण’ म्हणाल्या होत्या. मराठी मुलगी भेटली, म्हणून आठवणीतला मराठी शब्द काढला, आणि मी तो चेक समजले.

मी तुझा प्रश्न विचारला. त्यांनी ग्लासमधला बर्फ हलवला. मग म्हणाल्या, “मी कुठल्या भाषेत बोलले, हे मलाही कधी कळलं नाही. एका भाषेत मी घाबरलेली होते, दुसऱ्या भाषेत नव्हते. त्याने घाबरलेलीचं ऐकलं नाही, हे बरंच झालं.”

मला वाटलं, झालं, सुटला माझा मामा. पण त्या पुढे बोलल्या. “तो चुकीच्या शब्दाची काळजी करतोय. माझ्याकडे दुसराच शब्द राहिलाय. शनिवारी मी स्टेशनवर गेले होते. गाडी हलली तेव्हा तो दारातून म्हणाला, ‘येतो.’ तो शब्द मला माहीत होता. ये म्हणजे कम. येतो म्हणजे आय कम. म्हणून मी त्या तीन दिवसांत खरं काही बोलले नाही. तलावावर नोकरी लागली तेव्हा तो पत्ताही शेजारच्या घरी ठेवला. माणूस रीळ घेऊन येईल आणि मी घरी नसेन, असं नको व्हायला.”

मामा, मी काय करणार होते? मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, अशुभ मानतात. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो आणि कायमचा निघालेलाही येतोच म्हणतो. ती नुसती निरोप घ्यायची रीत आहे.

त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वळून पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “म्हणजे छत्तीस वर्षं मी एका नमस्काराची वाट पाहिली.”

मला ते सांगायला नको होतं असं आता वाटतंय. खरं होतं, पण सांगायला नको होतं. रात्रभर त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

रीळ त्यांना हवं आहे, नासलेलं असलं तरी. मी कुरियरची चौकशी केली आहे, पाच दिवसांत पोचेल म्हणतात. तू पाठव, मी त्यांच्या हातात देईन. त्या ३१ तारखेला निघतायत हे विसरू नकोस.

कस्तुरी


पुणे
१५ जुलै २००५

कस्तुरी,

आशीर्वाद, आता पूर्ण. अक्षर आहे तसंच आहे.

तुझं पत्र वाचलं आणि ते मामीला वाचून दाखवलं. ती निवडत होती ती भाजी तशीच राहिली. मग म्हणाली, “छत्तीस वर्षं तुम्ही स्वतःला चोर म्हणत राहिलात. चोरीचं नाहीच काही. तुम्ही येतो म्हणालात आणि गेला नाहीत, तुमचा गुन्हा तो.”  

त्या दिवशी गाडीच्या दारात माझ्या तोंडून काय निघालं, हे मला आठवतही नाही. आपण कुठे आठवतो? घरातून निघताना रोजच म्हणतो. मी ‘ने’चा कीस काढत बसलो आणि ती माझा एक शब्द, मी म्हटल्याचंही मला माहीत नसलेला, जपून बसली. त्याच्यासाठी तीन दिवस गप्प राहिली, अठरा वर्षं तिकिटं फाडली. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही होतो.

तू सांगितलंस ते बरं केलंस. उगाच जीव जाळू नकोस. पण तू सांगितलेला अर्थ बरोबर आहे असं मात्र नाही. आपल्यात जातो म्हणत नाहीत, हे खरं. पण ते शुभ-अशुभ राहू दे. येतो म्हणायचं ते मागे राहिलेल्या माणसाने दार लावून घेऊ नये म्हणून. तिला मराठी तुझ्यापेक्षा बरं कळलं.

तुझं पत्र आल्यापासून, पाच दिवस, डबा फ्रीजमध्ये आहे. कोथिंबिरीच्या वरच्या कप्प्यात. कुरियरचं रद्द कर. दोन वर्षांपूर्वी मी आणि मामी थायलंडच्या सहलीला गेलो होतो, तेव्हाचा पासपोर्ट चालू आहे. व्हिसा एजंटाने आणून दिला. सुबोधने तिकीट काढलं आहे, त्याला आता सगळं माहीत आहे आणि तो मला नवीनच माणूस असल्यासारखा बघतो आहे. २६ तारखेला सकाळी पोचेन. मला घ्यायला विमानतळावर ये, तिला आणू नकोस. जुरोंग ईस्टचा बारावा मजला मीच चढेन आणि दारावर थाप मीच मारेन. लिफ्ट असली तर तेवढी मात्र घेईन.

मामीला म्हटलं, तूही चल. म्हणाली, “नको. दारात दोन माणसं उभी असली की पहिलं वाक्य चुकतं. तुम्ही जाऊन या. आणि रिकामा डबा परत आणा, मला त्यात पापड ठेवायचेत.” मग तिने डबा फ्रीजमधून काढला, पदराने पुसला, ‘लिंबाचं लोणचं’ या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि परत ठेवला. यंदा दिवाळीच्या आधीच.

विमानतळावर विचारलं डब्यात काय आहे, तर या वेळी खरं सांगणार आहे.

माझं एक काम कर. हे पत्र पोचेल त्याच दिवशी ब्लांकाकडे जा आणि तिला माझा एक शब्द सांग. इंग्रजीत नको, मराठीतच सांग. आणि त्याचा अर्थ समजावत बसू नकोस, तो तिला पहिल्यापासून ठाऊक आहे.

येतो.

कमलाकर